वजन उतरवायचंय: चालायचं किती, वजनं उचलायची किती?

वजन कमी करायचं ठरलं की बहुतेक जण आधी ट्रेडमिलकडे वळतात. घाम येतो, दम लागतो, काहीतरी जळतंय असं वाटतं. दीडदोन महिन्यांत काटा तीनचार किलोंनी खाली येतो आणि मग अडतो. हातपाय बारीक दिसायला लागतात, पोट मात्र जिथल्या तिथे. दुसरीकडे काही जण फक्त वजनं उचलतात. त्यांची ताकद झपाट्याने वाढते, पण पट्ट्याचं भोक काही बदलत नाही. दोघांचे कष्ट खरे असतात, चुकतो तो कामाचा वाटा.

वजन उतरतं ते मुख्यतः खाण्यातल्या तुटीमुळे, म्हणजे शरीर खर्च करतं त्यापेक्षा कमी कॅलरी खाल्ल्यामुळे. उतरलेल्या वजनात चरबी किती गेली आणि स्नायू किती गेले, हे बऱ्याच अंशी वजनांच्या व्यायामावर आणि प्रथिनांवर ठरतं. कार्डिओ, म्हणजे चालणं, पळणं, सायकल असा दम लागणारा व्यायाम, ती तूट थोडी वाढवतो आणि हृदय-फुप्फुसांची कुवत वाढवतो. म्हणून आखणीचा क्रमही तसाच ठेवायचा: आधी खाणं, मग आठवड्यातले वजनांचे दिवस पक्के, आणि उरलेल्या जागेत कार्डिओ. बहुतेक नवखे नेमकं उलट करतात. आधी रोज पळायचं ठरवतात आणि जमलं तर डंबेल उचलतात.

ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. वजन जास्त असलेल्या, व्यायामाची सवय नसलेल्या लोकांचे त्यांनी तीन गट केले आणि आठ महिने व्यायाम करून घेतला. फक्त कार्डिओ करणाऱ्यांची चरबी घटली. फक्त वजनं उचलणाऱ्यांचे स्नायू वाढले, पण चरबीत म्हणावा असा फरक पडला नाही. दोन्ही करणाऱ्यांची चरबी कार्डिओ गटाइतकीच घटली आणि शिवाय स्नायूही वाढले. मात्र त्यांना वेळ जवळपास दुप्पट द्यावा लागला. नवख्याची खरी अडचण हीच: दोन्ही हवंय, पण वेळ आणि अंगातली उमेद मोजकीच आहे.

सुरू करण्याआधी

छातीत दुखणं, थोड्या श्रमाने चक्कर येणं, ताब्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायाम आणि कमी खाणं एकत्र आल्यावर साखर एकदम उतरू शकते. औषधाचा डोस आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पहिली पायरी: तूट ठरवा, पण बेताने

एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी असतात. रोज ५०० ची तूट ठेवली तर हिशेबाने एक किलो चरबी जायला पंधरा दिवस लागतात. ३०० ते ५०० ची तूट नवख्याला पुरते. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट हा चांगला वेग आहे, म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४०० ते ८०० ग्रॅम. याहून घाई केली की जिममध्ये वजनं उचलवत नाहीत, झोप बिघडते आणि स्नायूही जातात.

प्रथिनं शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम. वजनांचा व्यायाम नियमित असेल तर वरच्या आकड्याजवळ राहा. ७५ किलोच्या माणसाला ९० ते १२० ग्रॅम होतात. वजन खूपच जास्त असेल तर आजचं वजन न धरता गाठायचं वजन धरून हिशेब करा. एकाच जेवणात सगळं न कोंबता तीनचार वेळांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.

व्यायामाने किती जळतं याचा अंदाजही इथेच घेऊन ठेवा. ७५ किलोचा माणूस ४५ मिनिटं झपझप चालला तर सुमारे २४० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या ५५ च्या आसपास तो नुसता बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे खरी कमाई १८५. एवढं एखाद्या जास्तीच्या खाण्यात पाच मिनिटांत भरून निघतं. ट्रेडमिलच्या पडद्यावरचा आकडा अनेकदा फुगलेला असतो, त्यात दांडी धरून चाललं तर तो आणखीच खोटा ठरतो, कारण अंगाचा काही भार हातांवर जातो आणि यंत्राला ते कळत नाही. त्या आकड्याच्या भरवशावर जादा खाऊ नका.

एक भ्रम दुसऱ्या बाजूचाही आहे. स्नायू वाढले की बसल्याबसल्या भरपूर कॅलरी जळतात, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण १३ किलोकॅलरी वापरतो. दोन किलो स्नायू कमावले तरी फरक २६ चा. वजनांचा व्यायाम करायचा तो यासाठी नाही. तूट चालू असताना शरीर मिळेल तिथून इंधन काढतं. ज्या स्नायूंना नियमितपणे जड काम पडतं, ते शरीर सहसा राखून ठेवतं. वजनं उचलायची ती हे राखण्यासाठी.

दुसरी पायरी: वजनांचे दिवस पक्के करा

पहिले चार आठवडे दोन दिवस, मधे किमान ४८ तास. सोमवार आणि गुरुवार घ्या, किंवा तुमच्या सोयीचे कुठलेही. एका दिवशी छाती, एका दिवशी पाय अशी वाटणी नवख्याने करू नये. दर वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम घ्यायचा, म्हणजे प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम मिळतं आणि एखादा दिवस बुडाला तरी कुठला भाग पूर्ण राहून जात नाही.

एका सत्रात सहा व्यायाम पुरतात:

१. गॉब्लेट स्क्वॉट: एकच डंबेल छातीशी उभं धरून बैठक. ८ ते १२ रेप, म्हणजे तेवढ्या वेळा.
२. पुश-अप: जमिनीवर जमत नसेल तर हात भक्कम बाकावर किंवा टेबलावर ठेवून. ८ ते १२.
३. डंबेलने रोमानियन डेडलिफ्ट (कृती खाली दिली आहे). ८ ते १२.
४. एका हाताचं डंबेल रो: दुसरा हात बाकावर टेकवून, पुढे झुकून डंबेल कमरेकडे ओढणं. प्रत्येक बाजूला ८ ते १२.
५. डंबेल खांद्यापासून डोक्यावर नेणं. ८ ते १२.
६. प्लँक: कोपरं आणि पायांची बोटं टेकवून अंग सरळ धरणं. २० ते ४० सेकंद.

पहिले दोन आठवडे प्रत्येकाचे दोन सेट (सलग केलेल्या रेपचा एक सेट), पुढे तीन. दोन सेटमध्ये दीड मिनिट विश्रांती, स्क्वॉट आणि डेडलिफ्टला दोन मिनिटं. ही विश्रांती खरोखर घ्या. घाम यावा म्हणून विश्रांती कापली की दम लागून सेट थांबतो, स्नायू थकायच्या आधीच. मग ते ना धड कार्डिओ होतं, ना ताकदीचं काम. सुरुवातीला पाच मिनिटं चालणं, मग स्क्वॉट आणि पुश-अपचा एकेक हलका सेट, एवढा वॉर्म-अप बास. सगळं मिळून ४५ ते ५० मिनिटांत उरकतं.

डंबेल किती किलोचं घ्यायचं? सेट संपला तेव्हा आणखी दोनतीन रेप नीट जमल्या असत्या असं वाटलं पाहिजे. पाचसहा सहज जमल्या असत्या तर वजन हलकं आहे. शेवटच्या रेपला कंबर वाकायला लागली किंवा खांदे कानाकडे चढायला लागले तर जड आहे.

रोमानियन डेडलिफ्टवर थोडा जास्त वेळ द्या, कारण नवख्यांची कंबर बहुधा इथेच धरते. भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून एक वीत पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल. आता खाली वाकायचा विचार न करता फक्त कुल्ले मागे न्या, भिंतीला टेकेपर्यंत. पाठ सरळ राहते आणि धड आपोआप पुढे झुकतं. पोटऱ्या उभ्याच राहायला हव्यात. हे जमलं की पाऊलभर पुढे येऊन हातात डंबेल घ्या आणि ती मांड्यांना घासत गुडघ्यांच्या जरा खाली येऊ द्या. ताण मांडीच्या मागच्या बाजूला जाणवला पाहिजे. तो कमरेत जाणवत असेल तर दोनपैकी एक घडतंय: डंबेल पायांपासून पुढे लोंबकळतायत, किंवा जमिनीपर्यंत पोचायच्या नादात पाठ गोल होतेय. जमिनीपर्यंत पोचायची गरजच नाही. ताण लागला की तिथूनच वर या.

श्वास रोखून धरू नका. वजन वर नेताना सोडा, खाली आणताना घ्या. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी हे कटाक्षाने पाळावं, कारण श्वास कोंडून जोर लावला की दाब एकदम चढतो.

वाढ अशी करायची. एका व्यायामाचे तिन्ही सेट १२ रेपपर्यंत नीट पोचले की पुढच्या वेळी सगळ्यात लहान टप्प्याने वजन वाढवा: पायांच्या व्यायामाला दोन ते अडीच किलो, हातांच्या व्यायामाला एक किलो. रेप पुन्हा ८-९ वर येतील, मग तिथून १२ कडे चढायचं. वहीत तारीख, वजन, रेप लिहून ठेवा. पुढचे निर्णय याच वहीवर घ्यायचे आहेत.

चरबी उतरवायची तर हलकी वजनं आणि भरपूर रेप, हा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्याने काही साधत नाही. जे वजन उचलून स्नायू कमावला, तेच वजन उचलत राहिलं तर तो टिकतो. तुटीच्या काळात मुद्दाम वजनं हलकी केली तर शरीराला स्नायू राखायचं कारणच उरत नाही. पोटाच्या व्यायामाने पोटाची चरबी जाते, हेही तसंच. पोटाचे स्नायू कणखर होतात, चरबी मात्र शरीर स्वतःच्या क्रमाने काढतं.

तिसरी पायरी: उरलेल्या दिवसांत कार्डिओ

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. पहिल्या आठवड्यातच १५० गाठायचा हट्ट धरू नका.

मध्यम म्हणजे किती? चालताना वाक्य पूर्ण बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. नाडी मोजायची असेल तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. चाळिशीच्या माणसाला १८० येतात. त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११५ ते १३७ ठोके, हा मध्यम टप्पा. सूत्र सरासरीचं आहे, दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. नाडी मंद ठेवणारी बीटा ब्लॉकर औषधं चालू असतील तर ते लागूच पडत नाही, मग बोलण्याची खूणच धरा.

वजन जास्त असताना लगेच पळायला लागू नये. पळताना दर पावलाला जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बसतो. दम दोनतीन आठवड्यांत वाढायला लागतो, पण घोट्याचे आणि गुडघ्याचे कंडरे (स्नायू हाडांना जोडणारे दोर) जुळवून घ्यायला महिने लागतात. दम टिकतोय म्हणून माणूस अंतर वाढवत जातो आणि नडगी किंवा टाच दुखावून बसतो. झपझप चालणं, चढावर चालणं, सायकल, पोहणं यांनी तेच काम कमी धोक्यात होतं. ट्रेडमिल असेल तर वेग वाढवण्याऐवजी चढ ४ ते ६ टक्के करा, आणि दांडी सोडा.

चौथी पायरी: आठवडा मांडा

आठवडे १ ते ४: सोमवार आणि गुरुवार वजनं. मंगळवार, शुक्रवार, रविवार चालणं, पहिल्या आठवड्यात २५ मिनिटं आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत चौथ्यात ४०. बुधवार, शनिवार मोकळे.

आठवडे ५ ते ८: सोमवार, बुधवार, शुक्रवार वजनं आणि त्याला जोडून शेवटी १५ मिनिटं चालणं किंवा सायकल. मंगळवारी ४५ मिनिटं, शनिवारी ६० मिनिटं मध्यम कार्डिओ. बेरीज १५० मिनिटं. गुरुवार, रविवार विश्रांती.

आठवडे ९ ते १२: वजनांचे दिवस तेच, शेवटचं चालणं २० मिनिटांचं. शनिवारी ६० मिनिटं. मंगळवारी इंटर्व्हल: आठ मिनिटं संथ, मग एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटं हळू अशा सहा फेऱ्या, शेवटी सहा मिनिटं संथ. जोरात म्हणजे एकदोन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये इतकं. आठवड्यातून एकदाच. ‘आफ्टरबर्न’ म्हणून ज्याची जाहिरात होते, तो इंटर्व्हलनंतरचा जादा खर्च फार थोडा असतो. फायदा वेळ वाचण्याचा आणि दम वाढण्याचा आहे.

एकाच दिवशी दोन्ही असेल तर वजनं आधी, कार्डिओ नंतर. पाय थकलेले असताना स्क्वॉट केला की वजन कमी उचललं जातं आणि ढबही बिघडते. चालण्याला मात्र थकलेले पाय फारसे आड येत नाहीत. सकाळ-संध्याकाळ अशी वाटणी जमत असेल तर सहा तासांचं अंतर उत्तम. इंटर्व्हल आणि पायांचा जड व्यायाम एका दिवशी ठेवू नका.

कार्डिओने स्नायू जळतात ही भीती अवाजवी आहे. तिचं मूळ १९८० च्या एका प्रयोगात आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी लोकांकडून दहा आठवडे ताकदीचा व्यायाम आठवड्याला पाच दिवस आणि सायकल-पळणं सहा दिवस करून घेतलं. दोन्ही करणाऱ्या गटाची ताकद आधी वाढली आणि शेवटच्या आठवड्यांत घसरली. पण ते प्रमाण नवख्याच्या वेळापत्रकाच्या कितीतरी पुढचं होतं. आठवड्याला १५० मिनिटं चालण्याने तुमची ताकद अडणार नाही. तुटीत असताना पाच दिवस तासतासभर पळालात तर नक्की अडेल.

पाचवी पायरी: मोजा आणि फिरवा

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. एका दिवसाच्या आकड्याला किंमत नाही, सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशी करा. कंबर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पंधरा दिवसांतून एकदा. तिसरं मोजमाप म्हणजे तुमची वही.

पहिल्या दोनतीन आठवड्यांत वजन एखाद्या किलोने वाढू शकतं. नव्या कामाने दुखावलेले स्नायू पाणी धरतात, शिवाय स्नायूत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (स्नायूतला साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. ती चरबी नव्हे. नेमके याच टप्प्यावर बरेच जण वजनांचा व्यायाम सोडून देतात. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीच्या आधी वजन असंच फुगतं, म्हणून महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी.

चार आठवड्यांनी निकाल बघा.

सरासरी उतरतेय, वहीतले आकडे टिकलेत किंवा चढतायत: काहीही बदलू नका.

सरासरी उतरतेय, पण दोन आठवडे सलग डंबेल जड वाटतायत आणि रेप घटतायत: तूट फार झालीय किंवा कार्डिओ जास्त झालाय. आधी प्रथिनं आणि झोप तपासा, मग कार्डिओची मिनिटं एक तृतीयांशाने कापा. वजनांच्या दिवसांना हात लावू नका. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा पाचसात ठोक्यांनी वर राहत असेल, चिडचिड होत असेल, तर एक आठवडा सगळंच निम्म्यावर आणा.

वजन तिथेच, कंबर मात्र घटतेय: चरबी जाऊन स्नायू येतायत. नवख्यांच्या वाट्याला पहिल्या काही महिन्यांत हे येतं. काही न बदलता वाट बघा.

वजनही तिथेच, कंबरही तिथेच: तूट नाही. तीन दिवस खाल्लेलं सगळं वजन करून लिहा, तेलासकट आणि पेयांसकट. दिवसाची पावलंही बघा. व्यायाम सुरू झाल्यावर माणूस उरलेला दिवस नकळत जास्त बसून काढतो आणि कमावलेल्या दीडदोनशे किलोकॅलरी तिथे घालवतो. खाण्यात २०० कमी करा किंवा रोज दोन हजार पावलं वाढवा. दोन्ही एकदम नको, कशाने फरक पडला ते कळणार नाही.

झोपेबद्दल एक आकडा. शिकागो विद्यापीठात २०१० मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात तीच माणसं, तेवढंच खाणं ठेवून एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची मुभा दिली. वजन जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेच्या काळात त्यातला चरबीचा वाटा पुरेशा झोपेच्या काळातल्या वाट्याच्या निम्म्याहूनही कमी झाला. पहाटे चारला उठून पळण्यासाठी दोन तासांची झोप मोडत असेल, तर ते पळणं रद्द करा.

व्यायामानंतर एकदोन दिवसांनी अंग दुखणं साहजिक आहे, ७२ तासांत ते ओसरतं. सांध्यात टोचल्यासारखं, एकाच बाजूला, किंवा व्यायाम चालू असतानाच दुखणं वेगळं: तो व्यायाम थांबवा, बाकीचे चालू ठेवा, आठवड्यात कमी झालं नाही तर दाखवून घ्या.

ठरवलेलं वजन गाठल्यावर

खाणं एकदम पूर्वपदावर न आणता आठवड्याला १०० ते १५० किलोकॅलरी वाढवत न्या. सरासरी स्थिर झाली की तिथे थांबा. वजनांचे तीन दिवस हवे तर दोनवर आणा. कमावलेली ताकद टिकवायला ती कमावताना लागली त्यापेक्षा बरंच कमी काम पुरतं, फक्त डंबेलचं वजन उतरू देऊ नका. चालणं मात्र कापू नका. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये उतरलेलं वजन टिकवण्यासाठी आठवड्याला २५० मिनिटांहून अधिक हालचाल सुचवली होती, म्हणजे उतरवताना केली त्यापेक्षाही जास्त. वजनांच्या कमी झालेल्या दिवसाची पाऊण तासाची जागा त्यासाठीच वापरा.